फ्रिजसमोर कोणी ओरडत नाही

९ एप्रिल

आली! लस आली! ट्रकवाल्याने खोका हातात दिला तेव्हा मी त्याला चक्क "जेवूनच जा" म्हटलं. घरात जेवायला काय आहे ते आठवायच्या आधीच! तो बिचारा हसला आणि गेला.

दीड वर्षांनी माझा फ्रिज भरला. इतके दिवस त्यात काय होतं, तर सर्जनचा दुधाचा डबा, नर्सबाईंची मलमं आणि एक कांदा. त्या कांद्याची मालकी आजही कोणी कबूल केली नाही. सगळं बाहेर काढलं, आतून फडकं मारलं, बाटल्या लावल्या. एक रांग पुढे, एक मागे. एका बाटलीत एकच मूल. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, सगळ्यांवर एकच टोचणी. बोटाएवढी बाटली आणि केवढं काम!

दुसरी बातमी त्याहून मोठी. दोन तारखेला पूल उघडणार! एकच दिवस. नदीपलीकडे दवाखाना म्हणून काही उरलेलं नाही, म्हणून तिकडची लहान मुलं इकडे आणायची, टोचायची, परत न्यायची. मी म्हटलं, मुलांना कशाला चालवता, मीच डबा घेऊन जाते की पलीकडे. तर म्हणे औषधाचा थेंबही पलीकडे जाऊ द्यायचा नाही, करारच तसा आहे. मुलं इकडे चालतील, बाटली तिकडे चालणार नाही. असल्या करारावर मोठमोठी माणसं सह्या करतात.

लेकीचा फोन आला. आवाज तुटत होता, पण एवढं नीट ऐकू आलं, "आई, मी ढब्बूला घेऊन येणार." ढब्बू म्हणजे माझी नात. सव्वा वर्षाची झाली आणि मी तिला पाहिलेली नाही. एक फोटो आहे, त्यात नुसते गाल आहेत. लग्न होऊन लेक पलीकडे गेली आणि सहा महिन्यांत पूल बंद. टोचणी देणाऱ्या बाईची नात, आणि तिला एक टोचणी नाही!

दोन तारखेपर्यंत फ्रिज गार ठेवायचा. एवढंच माझं काम. एवढंच!


११ एप्रिल

एक नावाडी आला पलीकडून. पूल बंद असताना, होडीत मुलगी घालून. चार वर्षांची असेल.

आपला सर्जन — मी त्याला इथे "शिलाई"च म्हणते, तोंडावर साहेब — त्याने पहिला प्रश्न विचारला, "जखम कुठाय?" सवयच ती. पोरगा शिकला तोच लढाईत. पोटातून लोखंड डोळे मिटून काढेल, पण ताप-खोकल्याचा माणूस समोर आला की बावरतो. जखम नव्हतीच. मान सुजून खांद्याला टेकलेली, घशात करडा पापुद्रा, श्वासाला शिट्टीसारखा आवाज. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे. मीसुद्धा घटसर्प फक्त भिंतीवरच्या चित्रात पाहिलेला! इतकी वर्षं टोचण्या देत आले त्या हा रोग कोणाच्या नजरेला पडू नये म्हणूनच, आणि तो मला कधी दिसला नाही याची केवढी ऐट होती मला.

कपाटामागून जुनं पुस्तक शोधलं. तो मोठ्याने वाचत होता, मी मुलीचा हात धरून उभी. पुस्तकात औषधाचं नाव होतं. ते औषध इथे नाही, शेजारच्या शहरात नाही, कुठेच नाही. मग त्याने त्याला येतं ते केलं. गळ्याला छेद देऊन नळी बसवली. हात मात्र सोन्याचा आहे त्याचा. मुलगी नळीतून छान श्वास घ्यायला लागली, बापाकडे बघून डोळे मिचकावले. संध्याकाळी हृदय बंद पडलं. तेही पुस्तकात होतं, पुढच्या पानावर.

नावाड्याने तिला चादरीत घेतलं आणि मला विचारलं, "घरी धाकटा आहे, पाच महिन्यांचा. त्याला होईल का हो ताई?"

मी म्हटलं, "दोन तारखेला आणा. मी टोचते. माझा शब्द आहे."


१४ एप्रिल

वीज गेली ती गेलीच. केंद्रावर काहीतरी पडलं म्हणतात. आता जे काय ते जनरेटरवर, आणि जनरेटर म्हणजे आमच्या घरातला प्रश्न. कारण तो हे चालवतात! लग्न झाल्यापासून ह्यांच्या अंगाला डिझेलचा वास येतोय. पूर्वी मला त्याचा राग यायचा. आता अंगावरून डिझेल किती शिल्लक आहे ते कळतं.

बैठक झाली. शिलाई म्हणाला डिझेल फक्त ऑपरेशन थिएटरला. मी म्हटलं फ्रिजला पण हवं. तो म्हणाला, "मावशी, माझ्या टेबलावर माणूस ओरडत असतो. तुमच्या फ्रिजसमोर कोणी ओरडत नाही."

खरंच नाही ओरडत. माझे पेशंट ठणठणीत असतात. आजारी पडले नाहीत की मी जिंकले, आणि ते कोणाला दिसतही नाही. त्या मुलीचं नाव काढणार होते, पण त्याचा चेहरा पाहिला आणि गप्प बसले. त्या दिवसापासून तोही जेवलेला नाही धड.

सगळे ह्यांच्याकडे बघायला लागले. हे आपले पायाकडे बघत उभे. माझ्या बाजूने एक शब्द नाही! घरी आल्यावर मी भांडी जरा जोरातच ठेवली.


१५ एप्रिल

भांडी वाया गेली नाहीत. ह्यांनी सकाळी थिएटरच्या लाइनीवरून एक वायर ओढून माझ्या खोलीत आणली. ऑपरेशनसाठी जनरेटर चालू झाला की फ्रिजही चालू. शिलाईने वायर पाहिली, कुरकुरला, पण उपटून टाकली नाही. वर बोलणं काय तर, "माझ्यामुळे गार होतोय हो तुमचा फ्रिज. दुधाचा डबा ठेवू द्या आता." ठेवू दिला नाही.


१८ एप्रिल

आज काहीतरी घडलं ते लिहायला नको वाटतंय. पण इथे नाही लिहायचं तर कुठे?

कालपासून नदीकाठी शांत. एक गोळी नाही. लोक दारात बसले होते, समोरच्या घरातल्या मुली दोरीवर उड्या मारत होत्या. जखमी नाही, म्हणून ऑपरेशन नाही, म्हणून जनरेटर बंद. फ्रिजमधल्या तापमापकाचा काटा हळूहळू वर चढायला लागला. दार उघडून बघू नये, गारवा निघून जातो — हे मीच सगळ्यांना शिकवते, आणि मीच सारखी उघडून बघत होते. ओली गोणपाटं आणून फ्रिजवर घातली. जुनी गोधडी गुंडाळली. खिडकीला चादर लावली. काटा ऐकेना. दुपारी मी फाटकाकडे जाऊन उभी राहिले. का उभी आहे ते मलाच कळेना. मग कळलं. मी गाडी येतेय का बघत होते. जखमींची!

मनात स्पष्ट शब्द आले, "येऊ दे कोणीतरी. एखादाच. पायाचं वगैरे, फार मोठं नको."

मी! टोचताना मूल रडलं तर त्याच्याबरोबर तोंड वाकडं करणारी मी!


१९ एप्रिल

पहाटेपासून तोफा. दोन गाड्या आल्या. जनरेटर चालू, फ्रिज गार. बरं वाटलं. लाजही वाटली.


२१ एप्रिल

ह्यांना सांगितलं त्या दिवशीचं. वाटलं होतं दचकतील. म्हणाले, "मला तर रोजच वाटतं. मशीन बंद असलं की हात शिवशिवतात." एवढी वर्षं चाललेल्या लढाईने आम्हाला काय करून ठेवलंय कोण जाणे. नर्सबाई हातमोजे धुऊन दोरीवर वाळत घालतात, मोज्याच्या बोटांत हवा भरून भोक आहे का बघतात, आणि त्यात आता कोणाला काही वावगं वाटत नाही. मधुमेहाची माणसं इंजेक्शन अर्धं-अर्धं करून घेतात. साधं पोट दुखणारे येतच नाहीत, लाजतात. "तिथे माणसं मरतायत, आमचं काय घेऊन बसायचं!" आणि मग येतात तेव्हा तेही मरायलाच टेकलेले असतात.

सकाळपासून डोकं नुसतं भणभणतंय. दोन तारीख कधी येते असं झालंय.


२५ एप्रिल

तीन दिवस लिहिता आलं नाही. बाजारावर तोफगोळे पडले. किती आणले, कोणकोण होते, ते आठवायचं नाही असं मी ठरवलंय. टोचणीवाली, झाडूवाली, कारकून, सगळे थिएटरात. मी पाय धरले, दिवा धरला, रक्त पुसलं. एकदा कोणाची तरी चप्पल हातात धरून उभी होते, कारण तो ती सोडायला तयार नव्हता. जनरेटर एक क्षण थांबला नाही. मनात एकदाच आलं — फ्रिज मस्त गार असेल.

मस्त गार! आज सकाळी दार उघडलं तर मागच्या भिंतीवर बर्फाचा थर. मागच्या रांगेतल्या बाटल्या त्यात रुतलेल्या. गारवा कमीजास्त करायचं बटण पाहिलं तर शेवटच्या आकड्यावर!

मी बटणाला हात लावत नाही. कधीच नाही. ही लस उन्हाने मरते हे सगळ्यांना माहीत असतं, थंडीनेही मरते हे कोणाला सांगून पटत नाही. गोठली की संपली. वितळल्यावर दिसायला तशीच्या तशी, पांढरी, छान. टोचली तर मूल तसंच रडेल, आई तसेच डोळे पुसेल, आणि आत काहीही झालेलं नसेल.

बटण ह्यांनी फिरवलं होतं. बाजारावर पडायच्या आदल्या दिवशी. "तू सारखी जीव टांगून बसायचीस. म्हटलं मशीन चालू असताना जास्तीचा गारवा भरून ठेवावा, बंद पडलं की पुरेल." टाकीत पाणी भरून ठेवावं तसं! मी काय बोलले ते लिहीत नाही. माझ्या काळजीपोटीच केलं, हे कळत होतं आणि त्यामुळेच जास्त ओरडले. हे पायाकडे बघत उभे.


२६ एप्रिल

परीक्षा घेतली. एक बाटली मुद्दाम गोठवून वितळवली, तिच्या शेजारी मागच्या रांगेतली एक ठेवली. दोन्ही हलवल्या आणि टेबलावर ठेवून समोर बसले. चांगली लस बराच वेळ गढूळ राहते. गोठलेलीत तळाशी साका बसतो, वर पाणी निवळतं. दोन्हींत बसला. सारख्याच वेगाने. मग पुढच्या रांगेतली हलवली. ती गढूळच राहिली. किती वेळ गढूळ राहिली! मी तिच्याकडे बघत बसले.

म्हणजे पुढची रांग चांगली, मागची मेली. जेवढी मुलं येणार म्हणतात त्यांच्या निम्म्यांनाच पुरेल.

शिलाईला सांगितलं. तो बाहेर पायरीवर बसून चहा घेत होता, बाह्या अजून लाल. म्हणाला, "मावशी, सगळ्या टोचून टाका. कोणाला कळणार आहे? चालत आलेल्या बाईला तुम्ही 'अर्धीच चांगली आहे' सांगणार? पुलावरच मारामारी होईल."

मी म्हटलं, "मुलाला पाणी टोचून 'आता भिऊ नका' म्हणू? मग ती आई घसा बघायचीसुद्धा थांबेल."

तो म्हणाला, "त्या मुलीचा घसा मला झोपेत दिसतो." मग उठला, माझ्याबरोबर आत आला आणि मागची रांग त्यानेच उचलून बादलीत ओतली. एकेक बाटली. मी नुसती उभी.


२८ एप्रिल

फोन बंद. मनोरा पडला. लेकीला विचारता येत नाही, सांगता येत नाही. नावाड्यांच्या होड्याही सगळ्या फोडून टाकल्या म्हणतात.

ह्यांच्याशी बोलायला सुरुवात केली. बटणावर चिकटपट्टी लावा म्हटलं. लावली. तीनपदरी!


३० एप्रिल

ठरलं असं — सगळ्यांत लहान मूल आधी. वर्षाच्या आतली सगळी, मग उरल्या तर मोठी. शिलाई आणि नर्सबाई दोघांनाही पटलं. नियम मीच सुचवला.

आणि मग मी खोलीत एकटी असताना एक बाटली उचलून कापसात गुंडाळली आणि पुढच्या कोपऱ्यात, काट्याच्या मागे ठेवली. ढब्बू सव्वा वर्षाची आहे. नियमाने तिच्यापर्यंत पोचायच्या आतच संपेल.

एकच तर आहे. इतकी वर्षं लोकांची मुलं टोचली, माझ्या नातीसाठी एक! यात एवढं काय? हे आता दोनदा लिहून खोडलं.


२ मे

दुपारी. जेवायला बसा म्हणतायत, पण जेवण जाईना, म्हणून इथे कोपऱ्यात बसून लिहितेय.

सकाळपासून पुलावरून नुसती रीघ. कडेवर, पाठीवर, हातगाडीवर मुलं! आया धुळीने पांढऱ्या. एकही गोळी नाही, दोन्हीकडचे पहारेकरी बिड्या ओढत बघतायत. मी टोचतेय, नर्सबाई पुसतायत, शिलाई दारात उभा राहून वय विचारतोय. एका बाळाने त्याच्या अंगावर शू केली तर तो इतका हसला! लढाईत शिकलेल्या त्या पोराने धडधाकट मूल बहुतेक पहिल्यांदाच हातात धरलं असेल. हे मशीनपाशी बसून. दोन तास चालवलं आज, ऑपरेशन नसताना. डिझेल कुठून आणलं विचारलं नाही.

बाराच्या सुमाराला बाटल्या संपल्या. शिलाईने बाहेर जाऊन सांगितलं. मारामारी झाली नाही. बायका उठल्या, मुलं उचलली आणि वळल्या. त्यापेक्षा मारामारी परवडली असती.

लेकीचा पत्ता नाही.

आणि मग नावाडी आला. घामाघूम, धाकटा छातीशी बांधलेला. त्यांच्या रस्त्यावर नाका लावून अडवून ठेवलं होतं म्हणाला. बाळाने माझं बोट पकडलं. सहा महिन्यांचं, नियमाने सगळ्यांत पहिल्या रांगेतलं. मी फ्रिजकडे पाहिलं. शिलाई बाहेर होता, नर्सबाई पाणी प्यायला गेल्या होत्या.

मी म्हटलं, "संपली."

वाटलं, आता म्हणेल तुम्ही शब्द दिला होता. नाही म्हणाला. "तुम्ही सांगताय म्हणजे संपलीच असणार," असं म्हणाला. मग विचारलं, "रोज घसा बघायचा ना? काय दिसलं की निघायचं?"

मी सांगितलं. करडा पापुद्रा, मानेला सूज, श्वासाला आवाज. अगदी नीट समजावून सांगितलं. त्याने मान हलवली. निघायचं कशातून? होडी कुठे आहे त्याच्याकडे? ते त्यानेही विचारलं नाही आणि मीही. गेला.

अजून हाक मारता येईल. पुलापर्यंत पोचला नसेल. पण लेक येणार आहे. ती म्हणाली होती. ती वाटेतच असेल. आता उठून हाक मारली आणि पाठोपाठ ढब्बू आली तर? पूल सहाला बंद. चार वाजले. कुठे राहिली ही मुलगी!


२ मे, संध्याकाळ

लेक आली. ढब्बू कडेवर. गाल फोटोतल्यापेक्षा मोठे. मांडीवर घेतली, कापसातली बाटली काढली, तिची बाही वर केली तर दंडावर टोचल्याची खूण. लेक म्हणाली, "अगं आई, तिचं झालं की! परवाच. तुझ्या जावयाच्या छावणीत साहेबांच्या मुलांसाठी बाटल्या आल्या होत्या गुपचूप, त्यातली एक मागून घेतली. तुझा फोनच लागेना. मी नुसतं तुला भेटायला आले."

हे पुलाकडे पळत गेले. नावाडी कधीच पलीकडे. लेक म्हणाली मी नेते बाटली त्याच्याकडे. पण पुलावर झडती आहे, मुलांच्या लंगोटापर्यंत.

लेक गेली. पूल बंद झाला. बाटली परत कोपऱ्यात ठेवली. आज गोळीबार नाही, ऑपरेशन नाही. डिझेल संपलं. फ्रिज बंद.